कुलूप लावलेल्या बंगल्यांचं गाव

विट्याहून आमच्या गावाकडं वळलं की फाट्यापासूनच बंगले सुरू होतात. दुमजली, काही तिमजली. पायऱ्यांना ग्रॅनाइट, दाराला सागवान, कंपाउंडला नक्षीचं गेट आणि गेटला कुलूप. एखाद्या पोर्चमध्ये म्हातारी मटकी निवडत बसलेली दिसते, बाकी सगळी गल्ली सामसूम. यात्रेच्या आठवड्यात मात्र याच गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही. तमिळनाडू, केरळ, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठकुठल्या नंबरप्लेटा येतात. पालखी झाली, मटण झालं, की पुन्हा कुलूप.

सांगली जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, ही गलाईवाल्यांची घरं. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवायचं, ॲसिडनं त्यातली भेसळ काढायची, टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढून द्यायचा, हा तो धंदा. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि शेजारच्या साताऱ्यातले खटाव-माण, या कोरड्या पट्ट्यातली माणसं त्यासाठी देशभरच्या सराफ बाजारांत पांगली. एक चुलता गेला, त्यानं पुतण्याला नेलं, पुतण्यानं मेव्हण्याला. ७२ च्या दुष्काळात आमचे आजोबा खडी फोडत होते आणि घर सुकडीवर दिवस काढत होतं. त्यानंतर सहा वर्षांनी, १९७८ मध्ये, माझे वडील, अप्पा, पंधराव्या वर्षी केरळात त्रिशूरला गेले. दुकानातच भट्टी आणि रात्री भट्टीशेजारीच अंथरूण. आता टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आमच्या शिवारात आलंय, डाळिंबं-द्राक्षं दिसतात, पण गेलेली माणसं काही परत आली नाहीत.

मी मिरजेला नर्सिंग केलं आणि २०२१ च्या सप्टेंबरात दक्षिण जर्मनीत आले. श्टुटगार्टजवळ, नेकार नदीच्या काठच्या एका गावातल्या हॉस्पिटलात काम करते. फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न, 'करमतंय का गं तिथं?' खरं उत्तर लांबलचक आहे म्हणून आजवर टाळलं. आज सुट्टी आहे, बाहेर पाऊस आहे, तर लिहिते.

माझ्याबरोबर आलेल्या चारजणींमध्ये पहिले सहा महिने सगळ्यांत कमी रडलेली मी. हे मोठेपणानं सांगत नाही. परक्या मुलखात भाषा न कळता राहणं हा प्रकार माझ्या घरात जुनाच होता. पहिली ते तिसरी मी त्रिशूरला शिकले. पहिल्या दिवशी बाईंनी काय विचारलं ते कळलं नाही म्हणून दिवसभर लघवीला गेले नाही. संध्याकाळी अप्पांनी समजूत घातली नाही, हातावर पाच शब्द मोजून दिले. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "आदी आकडं शिक. मग हाय-न्हाय, मग किती, मग कुठं. बाकी भाषा मागनं येती." अप्पांना आजही मल्याळम लिहिता येत नाही, पण मिलीग्रॅमचा हिशेब ते त्याच भाषेत भांडून घेतात.

जर्मनमध्येही मी आधी आकडेच धरले, आणि तिथं आपली मराठी अशी काही कामाला आली की विचारू नका. जर्मनमध्ये ८४ ला 'फिअर-उंड-आख्ट्सिश' म्हणतात, म्हणजे चार आणि ऐंशी. इंग्रजी माध्यमातून आलेली माझी मैत्रीण घाईत 'चार' ऐकून ४ लिहायची, मग ८, आणि पेशंटची नाडी ४८ व्हायची. मला त्यात नवं काही वाटलंच नाही. चौऱ्याऐंशीमध्येही चार आधी आणि ऐंशी नंतरच येतात की! २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'ऐंशी चार' असं वाचायची पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. त्या वादात माझं मत कुणी विचारलं नव्हतं, आता मात्र मी पक्की जुन्या बाजूची आहे.

बोलीचंही तसंच. बी-टू या जर्मन भाषेच्या परीक्षेसाठी आम्ही शिकलो ती पुस्तकी जर्मन. इथले म्हातारे बोलतात श्वेबिश. 'इश' म्हणजे 'मी', त्याचं नुसतं 'इ' होतं. 'निश्ट' म्हणजे 'नाही', त्याचं 'नेट'. आणि ज्याला-त्याला मागं 'ले' लावायचं. पुण्याची मैत्रीण वैतागली, म्हणाली, हे अशुद्ध बोलतात. मला हसू आलं. मिरजेच्या हॉस्टेलवर पहिल्या वर्षी माझ्या 'व्हय', 'न्हाई' आणि 'कुटं चाललीयास'वर हेच ऐकलं होतं. शाळेत एक मराठी आणि घरात दुसरी, अशी मुलं दोन्ही कानांनी ऐकायला शिकलेली असतात. तीन महिन्यांत मला श्वेबिश कळायला लागलं. बोलता अजून येत नाही, बोलायला गेले की सगळा वॉर्ड हसतो.

आता कामाचं सांगते, कारण नर्सिंगच्या मुली मला सारखं हेच विचारतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं याच राज्याशी, म्हणजे बाडेन-वुर्टेम्बर्गशी, कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तर जास्तच. आल्याआल्या तुम्ही इथं पूर्ण नर्स नसता. आपली पदवी मान्य होईपर्यंत मदतनीस म्हणून काम आणि पगारही तेवढाच. मग एक तर काही महिन्यांचं प्रशिक्षण, नाहीतर परीक्षा. हे एजंट सांगतात, पण बारीक अक्षरात सांगतात. जे कुणीच सांगत नाही ते वेगळं आहे. आपल्याकडं पेशंटबरोबर नातेवाईक असतो. तोंड धुणं, भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन, सगळं तो नाहीतर मावशी करतात, आणि नर्स सलाईन-इंजेक्शनं बघते. इथं नातेवाईक भेटायला येतो, फुलं ठेवतो आणि जातो. अंघोळ घालणं हे नर्सचं काम, आणि रक्त काढायला, शिरेत सुई लावायला पुष्कळ ठिकाणी डॉक्टर येतात. आमच्यातली एक पहिल्या आठवड्यात म्हणाली, "चार वर्षं बीएस्सी करून मी अंघोळी घालायला आले का?" ती वाईट मुलगी नव्हती. तिच्या घरात ते काम बाईनं केलेलं तिनं पाहिलं होतं, एवढंच.

माझी आज्जी अर्धांगानं दोन वर्षं अंथरुणावर होती. घरात पुरुष कुणी नव्हता, सगळे त्रिशूरला. आई आणि चौदा वर्षांची मी. आज्जीची कूस बदलताना पाठीवरची लाली बोटानं दाबून बघायची, पांढरी होते की नाही, हे मला कॉलेजच्या आधी आईनं शिकवलं, आणि आईला कुणी शिकवलं ते ठाऊक नाही. इथं पहिल्यांदा एका आजोबांची पाठ पुसताना मी तेच केलं, तर शेजारी उभी असलेली सिनिअर म्हणाली, हे कुठं शिकलीस? घरी, म्हटलं. तिला वाटलं मला प्रश्नच कळला नाही.

मात्र 'आज्जी' हा शब्द इथं चालत नाही. दुसऱ्याच आठवड्यात एका बाईंना प्रेमानं 'ओमा' म्हटलं. त्या निवृत्त शिक्षिका. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, मी तुमची आजी नाही. मग 'फ्राउ' आणि आडनाव, आणि अहो-जाहोतलं 'झी'. फार लागलं ते मला. आपल्याकडं परक्या बाईला आज्जी म्हटलं की तिला घरात घेतल्यासारखं होतं. या बाईंना वाटलं, मी त्यांचं नाव काढून घेतलं. पुढं त्या अकरा दिवस होत्या. जाताना माझं अख्खं आडनाव न अडखळता म्हणाल्या. कागदावर लिहून घोकलं होतं म्हणे.

घरची सगळीच शिदोरी गोड नसते. गलाईच्या दुकानात कामाला ठेवलेलं पोरगं कुरकुर करत नाही. ॲसिडनं पिवळी पडलेली बोटं अप्पा कौतुकानं दाखवायचे. त्याच वळणानं मी अंगात ताप असताना ड्यूटीवर गेले. माझ्या मते ही निष्ठा होती. वॉर्डच्या मुख्य बाईंनी थर्मामीटर बघितला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "असं आजारी माणसांच्या खोलीत गेलात?" घरी पाठवलं. रजा मागताना माझी मान आजही खाली जाते. आणि न कळता 'या, या', म्हणजे जर्मनमधलं 'हो, हो', म्हणणं! मोठ्या माणसानं काही सांगितलं की हो म्हणायचं, अर्थ मागनं शोधायचा, ही आपली रीत हॉस्पिटलात धोक्याची आहे. एकदा एका पेशंटला उपाशी ठेवायचं होतं आणि मी त्याला ब्रेड-लोणी दिलं. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली. त्या रात्री मी 'मला कळलं नाही, पुन्हा सांगा' हे वाक्य आरशासमोर वीस वेळा म्हटलं.

पहिला नोव्हेंबर वाईट गेला. साडेचारला अंधार. अप्पा दर रविवारी विचारायचे, "तिथं आपल्यातलं कोण हाय का?" कुणी नव्हतं. गलाईत माणूस एकटा जात नाही. पाहुणा पाहुण्याला नेतो, पहिली भाकरी ओळखीच्या हातची असते. मला न्यायला विमानतळावर आला तो माझं नाव चुकीचं लिहिलेला पुठ्ठा.

मग एक दिवस रात्रपाळीला दुसऱ्या वॉर्डातून एक सिस्टर आली. तिच्या बोलण्याच्या हेलावरूनच ओळखलं. मल्याळममध्ये म्हटलं, "सुखमाणो?" म्हणजे बरी आहेस ना? तिनं हातातला ट्रे खाली ठेवला. ती कोट्टयमची. तिची आत्या १९७० च्या सुमारास आली होती. त्या काळात केरळातल्या शेकडो मुली चर्चच्या ओळखीनं इकडं नर्स म्हणून आल्या. म्हणजे चुलता-पुतण्याचीच साखळी, फक्त भट्टीऐवजी वॉर्ड. सांगलीची मुलगी आपल्याशी तिसरीच्या पोरीसारखं मल्याळम बोलते याचं तिला अजून नवल वाटतं. तिच्याकडं माशाची आमटी खाताना कळलं की कोट्टयमला तिच्या वडिलांनीही मोठं घर बांधलंय. बंद असतं.

घर बांधायचं वेड इथल्या लोकांनाही आहे. 'शाफे, शाफे, हॉयस्ले बाउए' ही श्वेबिश लोकांची म्हण. राब, राब आणि घर बांध. काटकसरीवरून बाकीचा जर्मनी त्यांची चेष्टा करतो. मला हे लोक पहिल्या दिवसापासून ओळखीचे वाटले. टँकरच्या गावात वाढलेल्या मुलीला नळ लगेच बंद कर म्हणून सांगावं लागत नाही. आमच्या इमारतीत 'केअरवोखे' असते, म्हणजे जिना झाडायची पाळी. पाटी दारावर अडकवली की तो आठवडा तुमचा. घरमालकीणबाई पहिल्या वेळी माझं झाडणं बघायला दार किलकिलं करून उभ्या होत्या. पहाटे उठून अंगण झाडणाऱ्या आईची मी लेक. दुसऱ्या वेळेपासून दार उघडलं नाही.

पण एका गोष्टीनं मी पुरती फसले. इथं भाड्याचं घर घेतलं तर ते अगदी मोकळं मिळतं. छतातून नुसत्या वायरी लोंबतात, पुष्कळ ठिकाणी ओटाही आपणच बसवायचा. मी एक होल्डर लावून त्यात बल्ब अडकवला, गादी जमिनीवर टाकली आणि राहू लागले. चौदा महिने. एक सहकारी जेवायला आली, इकडं-तिकडं बघितलं आणि म्हणाली, कधी आलात राहायला, या आठवड्यात?

त्या रात्री मला अप्पांची त्रिशूरची खोली आठवली. चाळीस वर्षांत त्यांनी तिथं एक खुर्ची घेतली नाही. लाकडी खोकं होतं, नंतर प्लास्टिकचं स्टूल. "आपण हितं थोडीच ऱ्हायाचंय?" सागवान, ग्रॅनाइट, सोफासेट, सगळं गावाकडं, कुलपाच्या आत, वर्षातल्या आठ दिवसांसाठी. त्यांना दोष देत नाही, त्या बंगल्याच्या जोरावरच त्यांनी खोक्यावर बसून दिवस काढले. पण परमुलखात कसं जायचं ते मला सगळं घरातनं मिळालं. जिथं गेलो तिथं खिळा कसा ठोकायचा, हे आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं.

मी दिवा घेतला. टेबल आणि दोन खुर्च्या घेतल्या. आईला किंमत सांगितली तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "भाड्याच्या घरात? त्यापेक्षा वरच्या मजल्याचं बघितलं असतंस." बंगल्याचा वरचा मजला हा आमच्या दर रविवारचा विषय. अप्पांना वाटतं माझ्या पगारातनं तो व्हावा. मी पैसे पाठवते, त्यातनं आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण मजल्याला नाही म्हणाले. अप्पा पंधरा दिवस फोनवर आले नाहीत. आईच्या मागनं टीव्हीचा आवाज मात्र यायचा, म्हणजे तिथंच बसलेले असायचे.

सोळाव्या दिवशी स्वतः आले. मजल्याचं काही बोलले नाहीत. वरच्या आळीतल्या गलाईवाल्यांची धाकटी मुलगी नर्सिंग झालीय, बी-टू झालंय, मार्चमध्ये तुझ्याच बाजूला येतीय म्हणतात, असं सांगितलं. "तुझ्याकडं उतरंल का?" म्हटलं, उतरू दे की, पहिला महिना इथंच राहू दे. "न्यायला तूच जा," एवढं म्हणून त्यांनी फोन आईकडं दिला.

परवा त्या मुलीचा फोन आला. काय काय आणू ताई, म्हणून विचारत होती. शेंगदाण्याची चटणी दोन किलो, येसूर अर्धा किलो, सांगलीचं भडंग जेवढं बसेल तेवढं. तूप आणि पेढे आणू नकोस म्हटलं, दुधाचं काहीही इथं विमानतळावर काढून घेतात.