वज्रासन नक्की कुठलं?

योगाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक वाद हमखास होतो. कुणीतरी फोटो टाकतं, खाली लिहितं "शास्त्रोक्त वज्रासन", दुसरं कुणीतरी म्हणतं असं नाही हो, टाचा बाहेर पाहिजेत, मग तिसरा म्हणतो आमच्या गुरुजींनी सांगितलंय तेच शास्त्र. मला दरवेळी एवढंच विचारावंसं वाटतं की शास्त्र म्हणजे कुठलं पुस्तक? कारण योगाच्या ग्रंथांमध्ये नावं तीच राहतात आणि त्याखालची क्रिया ग्रंथ बदलला की बदलते, हे एकदा बघितलं की अर्धे वाद तिथेच संपतात.

वज्रासनाचंच घ्या. आपल्याला माहीत असलेलं म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसायचं, जेवण झाल्यावर केलं तरी चालतं म्हणतात ते. आता ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडा. तिथे माउलींनी आसन इतकं बारकाईनं सांगितलंय की मोजमापच दिलंय, शिवणीची (म्हणजे गुद आणि लिंग यांच्या मधली) चार बोटं जागा, दोन्ही बाजूंनी दीड-दीड बोट सोडायचं, मधे उरतं ते एक बोट, तिथे टाच दाबायची आणि अंग वर तोलायचं. हे मूळबंधाचं, म्हणजे गुदाजवळचा भाग आवळून धरण्याच्या बंधाचं, लक्षण, आणि वज्रासन हे त्याचं गौण नाव असं ते अर्जुनाला सांगतात. म्हणजे 1290 साली मराठीत वज्रासन म्हटलं तर ते हे होतं, आपण आज ज्याला सिद्धासन म्हणतो त्याच्या जवळचं. पुढे तिथेच जालंधर (हनुवटी खाली टेकवणं) आणि वोढियाणा (पोट आत ओढणं) हे बंधही येतात, आणि मग कुंडलिनीचं ते सगळं भन्नाट वर्णन.

आणि ही काही ज्ञानेश्वरांची एकट्याची रीत नाही बरं का. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत, म्हणजे हठयोगाच्या संस्कृत ग्रंथात, त्याचा कर्ता स्वात्माराम सिद्धासन सांगतो आणि लगेच म्हणतो की यालाच काहीजण वज्रासन म्हणतात, काही मुक्तासन, काही गुप्तासन. म्हणजे तेव्हाही नावांचा गोंधळ होताच, फक्त त्यानं भांडण न करता सगळी नावं लिहून टाकली!! घेरंडसंहिता या अशाच दुसऱ्या ग्रंथात मात्र, जो साधारण 1700 च्या आसपासचा मानतात, मांड्या वज्रासारख्या करून पाय गुदाच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे असं आहे, आणि आपलं आजचं वज्रासन बरंचसं याच्याकडे जातं. मग खरं कुठलं? दोन्ही. ज्या काकूंचे गुडघे दुखतात त्यांना "हेच शास्त्र" म्हणून टाचांवर बसवणाऱ्यांचा मात्र मला राग येतो.

कपालभातीची गोष्ट तर याहून मजेदार आहे. आपण सगळे त्याला बिनधास्त प्राणायाम म्हणतो, टीव्हीमुळे तर ते घराघरात पोचलं. हठप्रदीपिकेत ते प्राणायामात नाहीच, ते षट्कर्मात आहे, म्हणजे धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या रांगेत, शरीर साफ करायच्या क्रियांमध्ये. आणि ज्याला मेद आणि कफ जास्त आहे त्यानं ही कर्मं आधी करावीत, बाकीच्यांनी करायची गरज नाही असं तिथेच स्पष्ट लिहिलंय, हे कुणी सांगतच नाही. आणि क्लासमध्ये सांगतात ना, श्वास जोरात बाहेर टाका, आत आपोआप येऊ द्या? हठप्रदीपिकेत लोहाराच्या भात्यासारखं रेचक आणि पूरक (श्वास सोडणं आणि घेणं) दोन्ही झपाझप करायला सांगितलंय. घेरंडसंहितेत गेलात तर अजून वेगळंच, तिथे कपालभातीचे तीन प्रकार आहेत: वातक्रम, व्युत्क्रम आणि शीतक्रम. पहिल्यात एका नाकपुडीनं श्वास घेऊन दुसरीनं सोडायचा, दुसऱ्यात नाकानं पाणी ओढून तोंडानं काढायचं, तिसऱ्यात तोंडानं घेऊन नाकातून बाहेर. आपल्या हॉलमध्ये सतरंजीवर हे करायला घेतलं तर सोसायटीचा सेक्रेटरीच धावत येईल.

पतंजलींकडे जाऊन निकाल लावू म्हणाल तर तेही जमत नाही. योगसूत्रं 195 (काही प्रतींत 196), त्यातली आसनावर फक्त तीन, आणि त्या तिनांत एकाही आसनाचं नाव नाही. नावं येतात व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत: पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन, पुढे क्रौंच, हत्ती, उंट यांच्या बसण्याची नावं, आणि माझं सगळ्यात लाडकं, सोपाश्रय. सोपाश्रय म्हणजे आधारासकट बसणं, त्या भाष्यावर पुढे टीका लिहिणारे वाचस्पतिमिश्र सांगतात की योगपट्टा लावून. अय्यप्पाच्या फोटोत गुडघ्यांभोवती जो पट्टा दिसतो ना, तोच प्रकार. हे मी मुद्दाम लिहितोय कारण मी पूर्वी जिथे जायचो तिथले एक सर बेल्ट, विटा, खुर्ची बघितली की "हे परदेशी फॅड" म्हणायचे. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात दोऱ्या, बेल्ट, लाकडी ठोकळे वापरून लोकांना आसनं शिकवली, त्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती यात शंका नाही, पण पट्टा लावून बसणारा योगी काही त्यांच्यापासून सुरू झालेला नाही.

उज्जायीबद्दल थोडक्यात लिहितो, पोस्ट लांबलीय. हल्ली फास्ट फ्लोवाल्या क्लासमध्ये घशातून आवाज काढत सलग श्वास चालू ठेवला की ती उज्जायी. हठप्रदीपिकेत तो कुंभक (श्वास रोखण्याचा प्राणायाम) आहे, म्हणजे श्वास घेताना आवाज, मग रोखायचा, आणि मग इडेनं म्हणजे डाव्या नाकपुडीनं सोडायचा. गंमत म्हणजे उभं असताना, चालतानाही उज्जायी करावी असं तिथे म्हटलंय, ते मला फार आवडलं म्हणून पर्वती चढताना करून बघितलं. डावीनं सोडायला उजवी नाकपुडी दाबून धरावी लागते, आणि सकाळी सकाळी पायऱ्यांवर नाक धरून चढणारा माणूस दिसला की लोक बाजूला होऊन वाट देतात.