गळा तापवून देण्याचा धंदा : आमची वाटचाल

कार्यक्रमाआधी गायकाचा गळा तापवून देण्याचे पैसे घेतो म्हटल्यावर नाशकात पुष्कळांनी आम्हाला वेड्यात काढलं. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात ज्या पंचवटीत राहिले, तिथे हे ऐकावं लागलं! रियाज वेगळा, गळा तापवणं वेगळं, हे आमचं पहिल्यापासूनचं म्हणणं. रियाजानं गळा घडतो. तापवल्यानं घडलेला गळा त्या संध्याकाळी हाताशी येतो.

आमचं साहित्य थोडकं. मिरजेचा तानपुरा, भागीदाराची पेटी, काचेचा पेला आणि एक नळी. नळीचं टोक पाण्यात दोन बोटं बुडवायचं आणि नळीतून ‘ऊ’ सोडायचा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. मध्येच तुटले की समजावं, श्वास डगमगला. पाण्याच्या उलट्या दाबामुळे स्वरतंतू एकमेकांवर आपटत नाहीत, अलगद भिडतात. मग ओठांची थरथर, मग मिटल्या तोंडानं गुणगुणत षड्जापासून (सा) पंचमापर्यंत (प) मींड, म्हणजे स्वर न तोडता घसरत जाणं, वर आणि खाली. ‘आ’ लावून गायचा आकार त्यानंतर. तार षड्ज, म्हणजे वरचा सा, अगदी शेवटी. एवढ्याला वीस मिनिटं पुरतात.

कॉलेज रोडवर एक मोठा क्लास उघडला आणि आमचे ग्रह फिरले. त्यांची दोन मुलं आमच्याकडे शिकायला म्हणून येऊन गेली होती. पुढे आमचाच क्रम, पेल्याच्या चित्रासकट, त्यांच्या रंगीत पुस्तिकेत! आयोजकांना ही सेवा त्यांनी फुकट देऊ केली. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम म्हणजे आमचा हंगाम. तो एका झटक्यात गेला. बरं, नक्कल तरी धड करावी. वेळ वाचवायला पेला गाळला आणि पहाटेच्या गारठ्यात पोरींना थेट तार सप्तकात ताना घ्यायला लावल्या. मध्यंतरापर्यंत आवाज बसायचे आणि आयोजक म्हणायचे, हे वॉर्मअपचं खूळच खोटं. चूक त्यांची, बदनामी आमची. त्यातच भागीदारानं पेटी उचलली आणि तिकडेच रुजू झाला. भाडं थकलं, तानपुऱ्याला गिऱ्हाईक बघायला लागलो.

तेव्हा उभे राहिले ते सिन्नरकडचे एक कीर्तनकार बुवा. सप्ताहात रोज दोन-दोन तास उभ्यानं कीर्तन, वर अभंगाच्या चाली. आठवडा संपेतो आवाज चिरका व्हायचा. आमच्याकडे यायला लागल्यापासून काल्याच्या कीर्तनालाही खणखणीत. तानपुरा विकतोय कळल्यावर बुवांनी वर्षभराचे पैसे आगाऊ समोर ठेवले. “आधी माझ्या गळ्याचं बघा, मग काय ते विका.” पाठोपाठ त्यांच्या ओळखीचे कीर्तनकार आले, भजनी मंडळं आली. आज आमचं घर चालतं ते सप्ताहांवर.

गाणाऱ्यांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. स्टेजवर जाण्याआधी खाकरून घसा साफ करू नका. पाण्याचा घोट घ्या किंवा नुसता आवंढा गिळा. आवाज बसला असेल तर कुजबुजत बोलणंही नको, त्यानंही ताण येतो. आणि ऐनवेळी बाटली रिकामी करून उपयोग नाही. पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना थेट लागत नाही. सकाळपासून थोडं थोडं प्या.

भागीदार हल्ली परत यायचं म्हणतो. पेटी आम्ही नवी घेतली आहे, वाजवणाराही. नाव नोंदवताना पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला तुमचा सा, तेवढी आधी कळवा. काळी एकच्या गळ्याला आणि काळी चारच्या गळ्याला तानपुरा एक चालत नाही, आणि तारा ऐनवेळी बदलल्या की तासभर उतरत राहतात.