तापाची तारीख लिहायला जागा नसलेला फॉर्म

वीर्यतपासणीच्या फॉर्ममध्ये किती दिवस संयम पाळला, नमुना किती वाजता घेतला, त्यातील काही भाग सांडला का, कोणती औषधे चालू आहेत, हे सारे विचारतात. गालगुंड झाले होते का, हेही विचारतात आणि त्यापुढे ‘होय’ व ‘नाही’ असे दोन चौकोन असतात. मी ज्या प्रयोगशाळेत गेलो, तेथील फॉर्ममध्ये गेल्या तीन महिन्यांत ताप येऊन गेला का, हा प्रश्न मात्र कुठेच नव्हता. त्या एका न विचारलेल्या प्रश्नापायी माझी पत्नी आणि मी जे महिने घोर लावून काढले, त्यांची चीड अजून पुरती ओसरलेली नाही.

गालगुंड मला लहानपणी न होता प्रौढ वयात झाले. गालांची सूज उतरू लागली तोच डावे वृषण सुजले आणि ताप पुन्हा चढला. वयात आल्यानंतर गालगुंड होणाऱ्या पुरुषांपैकी साधारण १५ ते ३० टक्क्यांना हा त्रास होतो आणि बहुतेकदा तो एकाच बाजूला असतो. वृषणाभोवतीचे आवरण चिवट असते, ते फारसे ताणले जात नाही. त्यामुळे सुजेचा सगळा दाब आतल्या शुक्रजनक नलिकांवर येतो आणि सुजलेल्या वृषणांपैकी सुमारे ३० ते ५० टक्के पुढे कमीअधिक आक्रसतात. तरीही पूर्ण वंध्यत्व क्वचितच येते, कारण दुसरी बाजू सहसा शाबूत राहते. विश्रांती, घट्ट आधार देणारी अंतर्वस्त्रे, वेदनाशामक गोळ्या आणि बर्फाचा शेक एवढ्यावर ते दुखणे निभावले.

पुढे लग्नानंतर वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा होईना, तेव्हा दोघांच्याही तपासण्या सांगण्यात आल्या. पत्नीच्या तपासण्या सरळ पार पडल्या. माझी तपासणी ठरली, त्याच्या काही आठवडे आधी मला साध्या विषाणूजन्य तापाने चांगलेच झोपवले होते. तापाचा शुक्राणूंशी काही संबंध असू शकतो, हे मी कुठेतरी वाचले होते. म्हणून फॉर्मच्या समासात, गालगुंडाच्या चौकोनाशेजारी, बारीक अक्षरात तापाची तारीख लिहून दिली. खिडकीतल्या कर्मचाऱ्याने ती ओळ वाचली, बोटाने दाखवली आणि म्हणाला, “साहेब, कॉम्प्युटरमध्ये याला रकाना नाही. डॉक्टरांना तोंडी सांगा.” गालगुंडापुढचा ‘होय’ मात्र त्याने तत्परतेने भरून घेतला. ते कोणत्या वयात झाले, एका बाजूला सूज आली की दोन्ही, याला तिथेही जागा नव्हती. वयात येण्यापूर्वी झालेल्या गालगुंडाने वृषणांना सहसा इजा होत नाही, त्यामुळे वय न विचारता घेतलेल्या त्या ‘होय’ला किती अर्थ उरतो, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

अहवाल आला. शुक्राणूंच्या संख्येपुढे तारांकन आणि ठळक अक्षरांत ‘असामान्य’. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीनुसार खालची मर्यादा दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के आणि पुढे सरकणारे शुक्राणू ३० टक्के अशी आहे. माझे तिन्ही आकडे त्याखाली होते. या मर्यादा ज्या पुरुषांच्या जोडीदारांना वर्षभरात दिवस गेले त्यांच्या नमुन्यांवरून काढलेल्या आहेत, आणि त्यांतल्याही ५ टक्के पुरुषांचे आकडे याखालीच होते. म्हणजे ही रेषा ओलांडली की मूल होणार आणि खाली राहिलो की होणार नाही, असा तिचा अर्थ नाही. अहवालाच्या कागदावर हे कुठेही लिहिलेले नसते. ‘पूर्वेतिहास’ या शीर्षकाखाली एवढेच छापले होते : गालगुंड – होय. समासातली माझी ओळ गळून पडली होती.

उपचार केंद्रातील डॉक्टरांनी छापील कागद वाचला. मी तापाचे बोललो, तर ते म्हणाले, “व्हायरल काय, सगळ्यांनाच होतो. तुमचे कारण इथे स्पष्ट लिहिले आहे.” गालगुंडाने झालेले नुकसान भरून येत नाही, तेव्हा वेळ न दवडता थेट इक्सीकडे, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने बीजांडात सोडण्याच्या उपचाराकडे वळावे, असा त्यांचा सल्ला पडला. मी प्रयोगशाळेत परत जाऊन पूर्वेतिहासात तापाची नोंद घालण्याची विनंती केली, तेव्हा त्यासाठी डॉक्टरांचे पत्र लागेल असे सांगण्यात आले. डॉक्टरांकडे पत्र मागितले, तर प्रयोगशाळेच्या फॉर्ममध्ये काय असावे हा प्रयोगशाळेचा विषय आहे, असे उत्तर मिळाले. लवकर पुन्हा तपासणी करून घ्यावी म्हटले, तर ‘रिपोर्ट ताजाच आहे’ म्हणून तीही नाकारली गेली. एका बाजूला रकाना नाही, दुसऱ्या बाजूला पत्र नाही, आणि मध्ये आम्ही दोघे, रात्री जेवताना एकमेकांशी या विषयाखेरीज सगळ्या विषयांवर बोलणारे.

हे सगळे किती निरर्थक होते, ते एका अँड्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे पुरुषांच्या प्रजननविकारांच्या तज्ज्ञाकडे गेल्यावर उमगले. त्यांनी आधी अहवाल पाहिलाच नाही. तपासणीच्या टेबलावर झोपवले आणि एका दोरीत ओवलेले, आकाराने वाढत जाणारे अंडाकृती मणी हातात घेऊन एकेका वृषणाशी ताडून पाहिले. डावे लहान आणि मऊ लागले, उजवे आकाराने व घट्टपणाने व्यवस्थित होते. रक्तातील एफएसएच, म्हणजे शुक्राणूंच्या निर्मितीला चालना देणारे संप्रेरकही सामान्य निघाले. शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या असत्या, तर ते बहुधा वाढले असते. मग त्यांनी विचारले, “गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का?” खिडकीपासून केबिनपर्यंत कोणालाही ऐकायची नव्हती ती तारीख मी लगेच सांगितली. त्या क्षणी झालेले समाधान थोडे पोरकट होते, पण झाले.

त्यांनी समजावलेले गणित असे. वृषणांचे तापमान शरीराच्या आतील तापमानापेक्षा २ ते ४ अंश सेल्सियसने कमी राहावे लागते. ताप चढला की तिथली जडणघडण बिघडते. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर बाहेर पडण्याच्या वाटेवर आणखी साधारण दोन आठवडे जातात. म्हणून आजचा नमुना आजची प्रकृती सांगत नाही, मागच्या अडीच-तीन महिन्यांची सांगतो. तापाच्या लगेच नंतर आधीच तयार असलेला साठा जात असल्याने आकडे बरे दिसू शकतात, मग काही आठवडे घसरतात आणि ताप उतरून तीनेक महिने झाले की बहुतेकांचे पूर्ववत होतात. माझा नमुना नेमका त्या घसरणीच्या काळातला होता. कोविडनंतरही अनेकांमध्ये अशीच तात्पुरती घट आढळली आहे, आणि त्याच्या लशीने शुक्राणू कमी होत नाहीत, हेही त्यांनी न विचारता सांगितले. बहुधा तो प्रश्न त्यांना रोज येत असावा.

डासांमार्फत पसरणाऱ्या झिका तापाची गोष्ट निराळी आहे. तो विषाणू ताप ओसरल्यानंतरही वीर्यात टिकून राहू शकतो, म्हणून ज्या पुरुषाला तो झाला किंवा जो त्या साथीच्या प्रदेशातून परतला, त्याने किमान तीन महिने कंडोम वापरावा आणि तोवर गर्भधारणेचा प्रयत्न थांबवावा, असा सल्ला दिला जातो. वीर्यतपासणीचा चांगला अहवाल हा धोका दाखवू शकत नाही.

मुद्दा पत्राचा राहिला. या डॉक्टरांनी आपल्या लेटरहेडवर तापाची तारीख, गालगुंडाच्या वेळचे वय आणि ‘डावी बाजू’ असे तीनच तपशील लिहिले आणि पुनर्तपासणीची शिफारस केली. मी ते खिडकीत दिले, तेव्हा तोच कर्मचारी म्हणाला, “हे ‘शेरा’मध्ये टाकता येईल.” म्हणजे रकाना होता. अहवालाच्या अगदी तळाशी, सहीच्या वर, पण होता. तुमच्यावर ही वेळ आली तर समासात लिहिण्याच्या भानगडीत पडू नका, पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या आणि ‘शेरा’ कुठे छापतात ते विचारा. तापाच्या वेळची औषधाची चिठ्ठीही जपून ठेवा. मला तारीख तिच्यावरूनच पटवता आली.

तीन महिने पूर्ण झाल्यावर दिलेल्या नमुन्यात संख्या आणि हालचाल दोन्ही मर्यादेच्या बऱ्याच वर आली. इक्सीचा विषय मागे पडला आणि सध्या आम्हाला नैसर्गिक प्रयत्नच चालू ठेवायला सांगितले आहे.

आणखी काही गोष्टी आता आठवल्या. पहिला अहवाल खराब आला की दुसरा घ्यायचाच असतो, एका नमुन्यावर निदान करत नाहीत. तेव्हा कोणी तो नाकारला तर दुसरीकडे जा. संयम २ ते ७ दिवसांचा हवा, आणि दोन्ही वेळा तो सारखा ठेवला तर तुलना नीट होते. नमुना बाहेरून नेणार असाल तर तासाभराच्या आत पोचवा आणि डबी अंगालगत, आतल्या खिशात ठेवा. पहिला थेंब सांडला असेल तर तसे सांगा, कारण सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. वाट पाहण्याच्या काळात ताकदीसाठी म्हणून कोणी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवले तर मुळीच घेऊ नका. त्याने शुक्राणूंची निर्मिती दबते, कधीकधी अगदी शून्यावर येते. आणि त्या तीन महिन्यांत पुन्हा ताप आला, तर तीच तारीख धरून मोजणी नव्याने सुरू करावी लागते.