इंजिन पाऊण इंच खाली होतं

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, की माझ्या बोटीच्या इंजिनाची उंची जमली, आता फक्त पंखा बदलायचा. ते खोडून टाका. (प्रोपेलरला मी पंखाच म्हणणार. पंख्यात जाळं अडकल्याच्या गोष्टी ऐकत मालवणात वाढलोय, टेक्सासात येऊन पंधरा वर्षं झाली तरी जीभ काही वळत नाही.)

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सेटअप थोडक्यात: २० फुटी फायबरग्लासची बास बोट (बास मासे धरायची वेगवान बोट), मागं मर्क्युरी २५० प्रो एक्सएस, म्हणजे ४.६ लिटरचं व्ही-८ फोर-स्ट्रोक, गिअर रेशो १.७५ (इंजिनाच्या पावणेदोन फेऱ्यांत पंख्याची एक). इंजिन ज्यावर बसतं ती, हातानं बोल्ट फिरवून वरखाली करायची जॅक प्लेट, सेटबॅक (बोटीच्या पाठीपासून इंजिन जितकं मागं ते अंतर) १० इंच. फुल थ्रॉटलला इंजिन ५८०० ते ६४०० आरपीएममध्ये राहायला हवं.

हिवाळ्यात सगळं गाडं इथंच अडलं होतं. २५ पिचचा (पंखा एका फेरीत जितके इंच पुढं सरकायला हवा, ते पिच) तीन पात्यांचा पंखा ५८५० आरपीएमला जीपीएसवर ताशी ६७.९ मैल देत होता. आरपीएम कमी म्हणून एका ओळखीच्याकडून २४ पिचचा आणून लावला. आरपीएम ६०५० झाले आणि वेग ६७.६. दोनशे आरपीएम वाढले आणि हाती भोपळा!

तेव्हाच मी स्लिप, म्हणजे हिशेबातल्या वेगापेक्षा खरा वेग किती टक्के कमी पडतो ते, काढायला हवी होती. हिशेब सोपा आहे: आरपीएमला पिचनं गुणायचं, गिअर रेशोनं भागायचं, मग १०५६ नं भागायचं. मैलात ६३,३६० इंच आणि तासात ६० मिनिटं, त्यातून तो १०५६ येतो. पंखा लोण्यात स्क्रूसारखा शिरला असता तर किती वेग मिळाला असता, तो हा आकडा. माझ्या २५ पिचला तो ७९.१ निघाला, २४ ला ७८.६. दोन्हीकडे स्लिप १४ टक्क्यांच्या आसपास. पंखा बदलूनही स्लिप हलत नसेल तर दुखणं पंख्यात नाही, दुसरीकडे आहे, बहुधा इंजिनाच्या उंचीत. अशा बोटीवर मला १० ते १२ टक्के हवेत.

पण उंची तर मी मोजली होती. पॅडच्या (बोटीच्या तळाची मागची सपाट पट्टी, वेगात बोट तिच्यावरच पळते) तळापासून पंख्याच्या शाफ्टचा मध्य तीन इंच खाली, वहीत लिहूनही ठेवलं होतं.

मार्च, घरचा ड्राइव्हवे

चूक सापडली ती निव्वळ योगायोगानं. पाऊस पडून गेल्यावर ट्रेलरखालचं पाणी रस्त्याकडे वाहताना दिसलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मोजताना मी बोट लेव्हल लावून सरळ केली होती, शाफ्टही पॅडला समांतर आणला होता. मग जमिनीपासून पॅडची उंची घेतली, जमिनीपासून शाफ्टची घेतली आणि वजाबाकी केली. जमीन मात्र सपाट धरून चाललो. काँक्रीट पाण्यासाठी रस्त्याकडे उतरतं, फुटाला पाव इंच, आणि बोटीची पाठ रस्त्याकडेच होती. पॅडच्या टोकापासून शाफ्टपर्यंत तीनेक फूट अंतर, म्हणजे उतारानं पाऊण इंच खाल्ला. इंजिन तीन नव्हे, पावणेचार इंच खाली होतं!

आता जमिनीचा संबंधच ठेवत नाही. अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी पॅडला खालून क्लॅम्पनं घट्ट लावायची, ती मागं गिअरकेसच्या (इंजिनाच्या पाण्यातल्या भागाच्या) बाजूनं शाफ्टपर्यंत जाऊ द्यायची. ट्रिम करून (इंजिन मागंपुढं झुकवून) शाफ्ट पट्टीला समांतर आणायचा आणि पट्टीच्या वरच्या कडेपासून शाफ्टच्या मध्यापर्यंत मोजायचं. ट्रेलर डोंगरावर उभा असला तरी फरक पडत नाही. पंख्याच्या वरच्या आडव्या अँटी-व्हेंटिलेशन प्लेटवरून मोजणारेही आहेत. मला ते पटत नाही. पंखा शाफ्टवर असतो, प्लेटवर नाही.

एप्रिल, तावाकोनी

मासेमारी टेक्सासातल्या लेक फोर्क तलावावर, पण चाचणी तिथं करत नाही. फोर्कच्या पाण्यात उभी झाडं इतकी आहेत, की आखलेल्या बोट-लेनबाहेर ताशी ७० मैलांचा विचारही नको. तावाकोनीचं तळं मोकळं आहे, वारा मात्र चुकत नाही. म्हणून प्रत्येक उंचीला दोन्ही दिशांनी पळवायची आणि सरासरी घ्यायची. पेट्रोलची टाकी अर्धी, लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायचा हौद) रिकामं, माणसं दोन: मी आणि माझा मुलगा. किल स्विचची दोरी माझ्या जॅकेटला, वही त्याच्या मांडीवर. पहिल्याच फेरीत ओरडला, "बाबा, आकडा हलतोय, कुठला लिहू?" तीन सेकंद टिकेल तोच लिही म्हटलं.

पाव-पाव इंचानं वर गेलो. ह्या कामाला मराठीसारखी भाषा नाही: पावणेचार, साडेतीन, सव्वातीन, तीन, पावणेतीन. पंखा पुन्हा २५ पिचचाच. साडेतीनला ५९५० आरपीएम आणि ७०.० मैल. सव्वातीनला ६०५० आणि ७२.२. तीनला ६१२० आणि ७३.६, स्लिप ११.१ टक्के. प्रत्येक पायरीला इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा दाब उतरत होता, २६ पीएसआयवरून १८ वर. गिअरकेस पाण्यात कमी म्हणजे ओढ कमी, हे खरं. पण पाणी आत घेणारी भोकंही त्याच गिअरकेसला आहेत, त्यामुळे स्पीडोमीटरइतकीच नजर प्रेशर गेजवर हवी. १२ च्या खाली थ्रॉटल सोडायचा, हा माझा स्वतःचा नियम.

पावणेतीनला हाव नडली. आरपीएम ६२५०, वेग ७३.४, स्लिप १३.२, दाब १३. इंजिन जास्त फिरतंय आणि बोट हळू पळतेय. वळणावर तर पंख्यानं हवा ओढली, आरपीएम उसळले आणि नाक खाली बसलं. ह्याला सगळे कॅव्हिटेशन म्हणतात. ते व्हेंटिलेशन: पृष्ठभागावरची हवा किंवा एक्झॉस्ट पात्यांत शिरतो. कॅव्हिटेशनमध्ये पात्यामागचा दाब इतका पडतो की पाणीच उकळतं. दोन्हींवरचे इलाज वेगळे, म्हणून शब्द नीट वापरलेला बरा.

सरळ रेषेतही तिथं चाइन वॉक सुरू झालं, बोट ह्या कडेवरून त्या कडेवर झुलायला लागली. मुलाला मजा वाटत होती, मला अजिबात नाही. तीनवर परत आलो.

मे ते ऑगस्ट

मग चार पात्यांचा २४ पिच. चौथ्या पात्यामुळे पकड वाढते, शेपूट वर राहते, पण ओढही वाढते, म्हणून पिच एक इंच कमी. त्याच तीन इंचांवर ६०८० आरपीएम, ७१.८ मैल, स्लिप ९.१. पावणेतीनला ७२.३, आणि वळणावर हवा न ओढता. तरीही तीनच ठेवलं. अर्ध्या मैलासाठी पाण्याच्या दाबाशी खेळ कशाला? थांबलेल्या बोटीला प्लेनवर (पाण्यावर उचलून पळायला) यायला तीन पात्यांना ४.८ सेकंद लागत होते, चार पात्यांना ३.६.

तीन पात्यांच्या पंख्याचं नाक उचलणं मला आवडतं. सकाळच्या आरशासारख्या पाण्यावर ७३ ला बोट पॅडवर तरंगते, तेव्हा स्टिअरिंग कापसाचं होतं. पण निकाल ऑगस्टनं लावला. पारा १०० फॅरनहाइटच्या वर, हवा विरळ, इंजिनाला दम लागतो. त्यात टाकी भरलेली, मित्र आणि त्याचा सरंजाम, लाइव्हवेलमध्ये ३० गॅलन पाणी म्हणजे एकट्या पाण्याचेच २५० पौंड. २५ पिच ५७८० च्या पुढं जाईना. म्हणजे नेमका ज्या दिवशी मासे धरायचेत, त्याच दिवशी इंजिन मर्यादेच्या खाली कण्हत चालणार. चार पात्यांनी त्याच वजनाला ५९०० दिले आणि लाटांतही पकड सोडली नाही.

तेव्हा बोटीवर आता २४ पिच, चार पाती, तीन इंच. २५ पिच गॅरेजमध्ये कापडात गुंडाळून ठेवलाय, ऑक्टोबरच्या थंड हवेसाठी.

आता पंख्याच्या हबवरच्या (मधल्या भागावरच्या) व्हेंट प्लगची पाळी. सध्या मधल्या मापाच्या भोकाचे आहेत. सुरुवातीला त्यांच्यातून एक्झॉस्ट पात्यांत जातो, पंखा जरा सुटा फिरतो आणि इंजिन लवकर आरपीएम धरतं. पुढच्या रविवारी बंद प्लग लावून घड्याळ लावणार आहे. मुलगा म्हणतो, वही तोच धरणार, पण ह्या वेळी पेन त्याच्या पसंतीचं.