पाना कुठे आहे?

घरोघरी जाऊन रुग्णांची देखभाल करणं हे माझं काम. ड्रेसिंग, इंजेक्शन, नळ्या बदलणं यात सांगण्यासारखं फारसं नसतं. बाहेरच्यांना एक गोष्ट मात्र ठाऊक नसते. पेशंटकडे बघायच्या आधी आम्ही कान देतो. ऑक्सिजनचं मशीन चालू असलं की त्याची घरघर दाराबाहेरही ऐकू येते. त्या सकाळी घरघर होती, पण तिच्यावर इन्व्हर्टरची टीं-टीं चढली होती.

लाईट पहाटेच गेली होती. आजोबांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, रात्रंदिवस मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन. हे मशीन खोलीतलीच हवा ओढतं, तिच्यातला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांत अडवतं आणि नव्वद टक्क्यांहून शुद्ध ऑक्सिजन नळीत सोडतं. त्यासाठी कॉम्प्रेसर अखंड चालावा लागतो, म्हणजे ३०० ते ३५० वॅट. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. प्रत्यक्षात नवी बॅटरीसुद्धा एवढं ओझं चारेक तासांच्या पुढे ओढत नाही. इथे त्याच बॅटरीवर सगळ्या खोल्यांचे पंखे आणि वायफाय चालू होतं, कारण तक्रारीच्या फोनवर दर वेळी "तासाभरात येईल" असं सांगितलं जात होतं. या उत्तराचा मला खरोखर संताप येतो. "कधी येईल सांगता येत नाही" असं कळलं असतं, तर त्या घराने पहिल्या दहा मिनिटांत पंखे बंद केले असते.

कोपऱ्यात राखीव सिलिंडर होता. मी विचारलं, "पाना कुठे आहे?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. सिलिंडरचा व्हॉल्व्ह पान्याशिवाय उघडत नाही. पुरवठादाराचा माणूस स्वतःच्या पान्याने उघडून दाखवतो आणि पाना घेऊन निघून जातो. किती घरांत मी हे पाहिलंय! म्हणून माझ्या पिशवीत पाना आणि दोन वॉशर कायम असतात. वॉशर झिजला की फ्लोमीटरपाशी, म्हणजे मिनिटाला किती ऑक्सिजन सोडायचा ते ठरवणाऱ्या नळीपाशी, गॅस फुसफुसत वाया जातो आणि घरच्यांना वाटतं, सिलिंडर चालू आहे.

सिलिंडरच्या दाबाचा काटा १०० वर होता. सिलिंडर दहा लिटरचा, म्हणजे १०० बारला साधारण हजार लिटर ऑक्सिजन. दोन लिटरने आठ तास वीस मिनिटं. एक लिटरने दुप्पट.

दादा म्हणाले, "सिस्टर, चारवर करा ना, बाबांना दम लागतोय." इथे माझा आवाज जरा चढला. सीओपीडीच्या पेशंटला जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त आराम नव्हे. कार्बन डायऑक्साइड साठून तो गुंगीत जाऊ शकतो. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं, रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के राखा. एव्हाना फोनची रेंजही गेली होती, त्यामुळे तो कागदच माझा डॉक्टर. आजोबांना टेबलावरच्या उशीवर पुढे टेकवून बसवलं, ओठ आवळून हळू श्वास सोडायला लावला. औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर विजेवरचा, म्हणून डॉक्टरांनीच लिहून दिलेला श्वासातून घ्यायचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून दिला. दम बसला. स्वस्थ बसल्यावर एका लिटरवरही ऑक्सिमीटर ८९-९० दाखवत राहिला. उठायचं असेल तेव्हाच दोन. लघवीचं भांडं खाटेपाशी ठेवायला मात्र आजोबा तयार होईनात. शेवटी वहिनींनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकट्याच त्यांच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही, पण त्या घरात त्या दिवशी खरं शहाणपण त्यांच्याकडेच होतं.

आजींचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं. चालू कुपी बाहेरच्या गार कोपऱ्यात ठेवली, न उघडलेल्या आतच राहू दिल्या आणि फ्रिजचं दार कुणी उघडायचं नाही असं बजावलं. बंद राहिला तर फ्रिज चारेक तास थंडावा धरतो. मेणबत्ती विझवली, ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ज्योत नको म्हणजे नको. शेजाऱ्यांनी मोठ्या आपुलकीने आपला पेट्रोलचा जनरेटर बाल्कनीत ठेवायला आणला, तोही परत पाठवला. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खरा प्रश्न हॉस्पिटलचा होता. चौथा मजला, लिफ्ट बंद, म्हणजे खुर्चीवर बसवून जिन्याने उतरवायचं. आजोबा म्हणाले, "सिस्टर, मी इथून हलणार नाही." मी त्यांना स्पष्ट सांगितलं की दोन लिटरवरही आकडा ८८ च्या खाली गेला, गुंगी आली, काटा ३० वर आला किंवा दिवस मावळू लागला, तर मग वाद घालायचा नाही. त्यांनी मान हलवली.

पाच वाजता काटा ४० वर होता. तेवढ्यात पुरवठादाराचा मुलगा भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन चार मजले चढून आला. येईन म्हणाला होता दुपारी, पण आला, आणि धापा टाकत आधी पेशंट कसा आहे ते विचारलं. वीज आली दुसऱ्या दिवशी दुपारी.

आमच्या वरिष्ठ सिस्टरांचं मत, दुपारी सिलिंडर आला नाही तेव्हाच आजोबांना हलवायला हवं होतं. संध्याकाळी जिन्यात घाई झाली असती, हे त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण ८९ वर शांत बसलेल्या, पूर्ण शुद्धीत नाही म्हणणाऱ्या माणसाला खुर्चीला बांधून चार मजले उतरवणं हेही मला पटत नाही. ही गोष्ट अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

पुरवठादाराला मात्र मी लेखी दिलंय. मशीन सोपवताना मेन स्विच बंद करायचा आणि घरातल्याच कुणाकडून सिलिंडर सुरू करून घ्यायचा. ते जमेपर्यंत सही घ्यायची नाही, आणि पाना त्याच घरात ठेवायचा. उत्तर अजून आलेलं नाही.