केडगाव : रमाबाईंच्या छापखान्याच्या गावी

पुण्याहून दौंडच्या गाडीत खिडकी मिळाली की समजावं, आज सुट्टीचा वार आहे. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी मागे पडलं की शहर विरळ होत जातं आणि यवतच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. थंडीचे दिवस, गुऱ्हाळं पेटलेली. केडगावला उतरलो तर रिक्षावाल्याचा एकच प्रश्न, "बेट का मिशन?" म्हणजे नारायण महाराजांच्या बेटावर दत्ताच्या दर्शनाला जायचंय, की पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला? गावाला दोन्हीचं सारखंच अगत्य. मी म्हटलं, मिशन.

मी पोटासाठी मुद्रितं तपासतो. शाळेत रमाबाई भेटल्या त्या स्त्रीशिक्षण आणि शारदा सदन, म्हणजे पुण्यातली त्यांची विधवांसाठीची शाळा, यांच्यापुरत्या. पुढे कधीतरी वाचलं की त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते केडगावातच, मुली-बायकांच्या हातून छापून घेतलं आणि अगदी शेवटपर्यंत त्याची मुद्रितं तपासली. तेव्हापासून इथे यायचं मनात होतं. धंद्यातला जिव्हाळा म्हणा.

मिशन म्हणजे संग्रहालय नव्हे. आजही इथे मुली आणि बायका राहतात, त्यामुळे आधी कार्यालयात परवानगी आणि फोटो अजिबात नाही. हे मला आवडलं. बरोबर एक ताई दिल्या. चर्च एवढं मोठं की गावाच्या मानाने ते कशाला, असं वाटावं. पण 1900 च्या सुमारास इथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती, हे कळल्यावर तो आकार समजतो.

चालता चालता ताई म्हणाल्या, "देवाने बाईंना वाट दाखवली, त्या चालत राहिल्या." मला हे जरा सोपं वाटलं. ही जमीन रमाबाईंनी घेतली ती फळबागेसाठी. शारदा सदनाला अमेरिकेतून येणारी मदत दहा वर्षांपुरती होती. पुढे फळांच्या उत्पन्नावर खर्च भागेल असा रोख हिशेब. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, तिथे एवढ्या जणींना ठेवता येईना. म्हणून सगळ्या केडगावच्या माळावर. लावायची होती बाग, वसलं गाव. देवाची योजना मागे वळून बघताना सरळ दिसते; त्या वेळी मात्र समोर फक्त आजारी मुली आणि पाण्याची ओरड असणार. दुष्काळात बाईंना नवल वाटलं नसेल. त्यांचे स्वतःचे आई-वडील 1870 च्या दशकातल्या दुष्काळातच गेले होते.

माझ्या पुणेकर मित्रांना रमाबाईंचं नाव काढलं की आजही एकच आठवतं, "धर्म बदलला ना त्यांनी?" बदलला, 1883 मध्ये, इंग्लंडात वाँटेजला. पण पुढचं कुणी वाचत नाही. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार वाचावा. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, हा त्यांचा आग्रह. मांसाहार करणार नाही, हाही. एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवून आले ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नव्हे, असं त्यांनी बजावलं. इकडे परतल्यावर 1893 मध्ये सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून गदारोळ झाला आणि रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. देवाचं ऐकणं आणि देवाच्या माणसांचं ऐकणं यांत बाईंनी कायम फरक केला. दोन्हीकडच्या मंडळींना त्या परक्या वाटल्या त्या यामुळेच.

भाषांतराला सुमारे दीड तप गेलं. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असं मराठी हवं, हा त्यांचा हट्ट होता. जुलै 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती संस्था द्यायची होती ती. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या. मधले साडेआठ महिने काम थांबलं नाही. काम पुरं करायला त्यांनी देवाकडे दहा दिवस मागितले आणि ते मिळाले, असं इथे सांगतात. मला त्या दहा दिवसांपेक्षा आधीचे महिने मोठे वाटतात. बायबलच्या 'इतिहास' या पुस्तकात पहिले नऊ अध्याय बहुतेक वंशावळ्याच आहेत. अमक्याचा मुलगा तमका, पानंच्या पानं. असल्या मजकुरात माझी नजर चौथ्या ओळीला घसरते आणि मला तर त्याचे पैसे मिळतात.

ग्रंथ बाहेर पडला 1924 मध्ये, त्यांच्या पश्चात. आज मराठी चर्चमध्ये वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं भाषांतर. रमाबाईंचं अभ्यासकांपुरतं उरलं. थडग्यापाशी उभं असताना मी ताईंना हे विचारलंच, इतकी वर्षं घालून शेवटी वाचायचं राहिलंच की नाही?

"त्यांना करायला सांगितलं होतं, खपवायला नव्हे," ताई म्हणाल्या.

उत्तर झकास, पण मला पुरतं पटलं नाही. पुस्तक वाचलं जावं म्हणूनच छापतात. बाईंनाही तेच हवं असणार, नाहीतर सोप्या मराठीचा एवढा आटापिटा कशाला? मला वेगळंच जमेला धरावंसं वाटतं. ज्या मुलींना गावानं आणि घरानं टाकलं होतं त्या इथे छपाईचे खिळे (अक्षरांचे धातूचे ठसे) जुळवायला, कागद लावायला, पानं बांधायला शिकल्या. विणकाम, शेती, गाईगुरं हे वेगळंच. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बायका छापखाना चालवत होत्या! मी तसं म्हटलं.

"तेही धरा की," त्या म्हणाल्या आणि मुलींच्या जेवणाची वेळ झाली म्हणून भराभरा निघाल्या.