क्लाउडवरची २००० जीबीची डिस्क ५०० वर आणली, माझा अनुभव

आमचा एक सर्व्हर ॲमेझॉनच्या क्लाउडवर आहे. आधी त्याच्यावर रोज रात्री मोठाले रिपोर्ट बनायचे, कच्च्या फाइली येऊन पडायच्या, सगळा पसारा एकाच ईबीएस व्हॉल्यूमवर (ॲमेझॉनकडून भाड्याने घेतलेली डिस्क), म्हणून ती वाढवत वाढवत २००० जीबीपर्यंत गेलेली. मग रिपोर्टचं काम दुसऱ्या सिस्टिमवर हलवलं, फाइली पण गेल्या, डिस्क मात्र तेवढीच राहिली आणि आत डेटा जेमतेम २८० जीबी. आता ईबीएसचं बिल तुम्ही किती भरलंय त्यावर लागत नाही, किती जीबी मागून ठेवलेत त्यावर लागतं, आत काही नसलं तरी मीटर चालूच. म्हणून लहान करायचं ठरलं.

टीममध्ये पहिला प्रश्न हाच आला की अरे, कन्सोलमध्ये साइझ बदलायची सोय आहे ना, टाक तिथे ५०० आणि सोड. होत नाही तसं. व्हॉल्यूम फक्त वाढवता येते. गूगलची पर्सिस्टंट डिस्क किंवा अझूरची मॅनेज्ड डिस्क घेतली तरी तेच. आणि विचार केला तर बरोबरच आहे, कारण खालून बघितलं तर डिस्क म्हणजे नुसते ब्लॉक, त्यातल्या कुठल्या ब्लॉकमध्ये फाइलसिस्टिमने (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) काय ठेवलंय हे क्लाउडवाल्याला कुठे माहीत, शेपटाकडचा भाग कापला आणि नेमका तिथेच डेटा असला तर? मग कोणीतरी म्हणालं स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) काढून त्यातून लहान बनवू, तर तेही बंद, स्नॅपशॉटमधून बनवलेली व्हॉल्यूम मूळ साइझएवढी किंवा तिच्यापेक्षा मोठीच लागते. त्यात आमची फाइलसिस्टिम एक्सएफएस, ती वाढते, आखडत नाही. ईएक्सटी४ ही दुसरी फाइलसिस्टिम अनमाउंट करून (वापरातून काढून) लहान करता येते, पण खालची व्हॉल्यूम तेवढीच राहणार असेल तर बिलाला काय फरक पडतो?

म्हणजे रस्ता एकच, नवी लहान व्हॉल्यूम घ्यायची, डेटा तिकडे न्यायचा आणि जुनीच्या जागी ती लावायची.

खरा वेळ गेला तो आकडा ठरवण्यात, कॉपी करण्यात नाही. डीएफ कमांड २८० दाखवते, पण ते त्या क्षणाचं. महिनाअखेरीला एक जॉब चालतो, तो भरपूर टेंपररी फाइली लिहितो आणि संपला की पुसून टाकतो, म्हणजे एरवी कधी बघाल तर डिस्क निवांत. क्लाउडवॉचमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या देखरेखीच्या सेवेत, डिस्क किती भरलीय हे आपोआप दिसत नाही, त्यासाठी सर्व्हरवर एजंट (छोटा प्रोग्राम) टाकावा लागतो. आमचा आधीपासून होता म्हणून मागच्या काही महिन्यांचा आलेख बघता आला आणि शिखर ३९० च्या आसपास निघालं. त्यावर थोडी मोकळी जागा धरून ५०० घेतले. कोणी ४०० म्हणत होतं, मी ऐकलं नाही, पुढे वाढवणं सोपं आहे हे खरं पण महिनाअखेरीला रात्री डिस्क भरली म्हणून उठणारा मीच ना.

आणि नुसती साइझ बघून चालत नाही, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आमची जुनी व्हॉल्यूम जीपी२ प्रकारची होती, तिथे वेग साइझला बांधलेला असतो, जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला किती वेळा वाचणं-लिहिणं होतं तो आकडा), म्हणजे २००० जीबीला ६००० मिळत होते. तीच ५०० जीबीची जीपी२ घेतली तर कायमचे १५००, वर ३००० पर्यंत बर्स्ट, म्हणजे थोड्या वेळापुरता जास्त वेग, पण साठलेलं क्रेडिट संपेपर्यंतच. जीपी३ या नव्या प्रकारात साइझ कितीही असो, ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी मुळातच मिळतात, जास्त हवं तर वेगळे पैसे देऊन घ्यायचं. मग आम्हाला खरंच किती लागतात ते काढलं, क्लाउडवॉचमधले रीड आणि राइट ऑपरेशन्सचे आकडे पाच मिनिटांच्या बेरजेचे घेतले, एकत्र करून ३०० ने भागले, झाले आयओपीएस. पाच मिनिटांची सरासरी आहे, मधला झटका त्यात बुडतो हे धरूनही ३००० च्या बरेच खाली होते. थ्रूपुटचं, म्हणजे सेकंदाला किती एमबी जातात त्याचं, तसं नव्हतं. जुनीला सेकंदाला २५० एमबीपर्यंत मिळत होते आणि रात्रीचा बॅकअप ते सगळे खायचा, म्हणून जीपी३ घेताना थ्रूपुट तेवढं २५० करून घेतलं. जास्तीचे पैसे धरूनही आधीपेक्षा खूपच स्वस्त.

पुढचं सरळ आहे. आधी जुनीचा स्नॅपशॉट. मग नवी व्हॉल्यूम त्याच अवेलेबिलिटी झोनमध्ये (ॲमेझॉनच्या डेटा सेंटरचा गट) बनवायची, दुसऱ्या झोनमधली सर्व्हरला जोडताच येत नाही. फॉरमॅट करून तात्पुरत्या फोल्डरवर माउंट केली (जोडली) आणि ॲप चालू असतानाच आरसिंकची (फाइली कॉपी करणारी कमांड) पहिली फेरी मारली, हार्डलिंक (एकाच फाइलची दोन नावं), परमिशन्स, एसीएल (जास्तीच्या परवानग्या) सगळं टिकेल अशा ऑप्शन्ससकट, आणि स्पार्स फाइली (मधे रिकाम्या जागा असलेल्या) असतील तर त्याचा ऑप्शन पण द्या, नाहीतर त्या नव्या डिस्कवर फुगून बसतात. मग ॲप बंद करून दुसरी फेरी, यावेळी डिलीटच्या ऑप्शनसकट, मधल्या काळात जे पुसलं गेलं ते इकडूनही जावं म्हणून. या फेरीत फक्त बदललेलं जातं, त्यामुळे ॲप फार वेळ बंद ठेवावं लागलं नाही. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची ती यादी) यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) बदलला, डिव्हाइसचं नाव टाकलं नाही, कारण नव्या प्रकारच्या सर्व्हरवर डिस्कच्या एनव्हीएमई नावांचा क्रम रीबूटनंतर बदलू शकतो. आमची डेटाची डिस्क होती म्हणून एवढ्यात भागलं, रूट डिस्क (जिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम असते) असती तर बूटलोडरचं (सर्व्हर सुरू करणारा प्रोग्राम) वेगळं लचांड.

जुनी व्हॉल्यूम सर्व्हरपासून काढली म्हणून बिल थांबत नाही हं, डिलीट करेपर्यंत पूर्ण २००० जीबीचे पैसे लागतात. थोडे दिवस ठेवली, महिनाअखेरीचा जॉब नव्या डिस्कवर नीट गेला आणि मग उडवली. स्नॅपशॉट ठेवलाय, पण तो २८० जीबीचा असेल असं समजू नका, फाइल पुसली तरी एकदा लिहिलेला ब्लॉक स्नॅपशॉटमध्ये येतोच.

अजून एक, आमचे रोजचे स्नॅपशॉट टॅग बघून आपोआप निघतात. तो टॅग जुन्या व्हॉल्यूमवर होता, नवीवर स्वतः लावावा लागतो, तसेच क्लाउडवॉचचे अलार्मही जुन्या आयडीला चिकटलेले असतात, ते नव्या आयडीवर वळवून घ्या.